आबा दिसतात तेव्हा कॉम्प्युटर दिसत नाही

असोद्यात सगळ्यात पांढरं काय, असं कुणी विचारलं असतं तर कापसाचा नंबर दुसरा लागला असता. पहिला जीवराम आबांच्या धोतर-टोपीचा. त्यांची बायको भिकुबाई त्या कपड्यांना नीळ आणि खळ स्वतःच्या हाताने घालायची, सुनांना बादलीजवळ फिरकू द्यायची नाही. आबा उन्हात उभे राहिले की समोरचा माणूस डोळे बारीक करूनच बोलायचा. ही गोष्ट गावाने आजवर आबांच्या जमेच्या बाजूलाच मांडली होती. कॅमेरा आला आणि ती नावे पडली.

आबा आमच्या केळी उत्पादकांच्या सोसायटीचे चेअरमन. सोसायटीचं ऑफिस आणि माझं खत-बियाण्यांचं दुकान समोरासमोर. त्यामुळे तिथल्या पायऱ्या कोण चढलं आणि कसलं तोंड करून उतरलं, हे मला गल्ल्यावर बसल्या बसल्या कळतं. दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसतं. माणूस पाहणार काय, पोती?

चौऱ्याण्णव साली सोसायटीने कॉम्प्युटर आणला आणि तो चालवायला सुमनबाईच्या सुगंधाला ठेवलं. पोरगी जळगावला एसटीने जाऊन-येऊन कॉम्प्युटर शिकली होती. ठेवलं म्हणजे तात्पुरतं. वार्षिक सभेने हात वर केले तर कायम, नाहीतर घरी. आणि घरी म्हणजे काय, हे तिला नीट ठाऊक होतं. पाचोऱ्याहून तिचे मामा दर रविवारी एक नवीन स्थळ खिशात घालून यायचे आणि सुमनबाई दर रविवारी म्हणायची, पोरीची नोकरी पक्की होऊ द्या, मग पाहू.

"रतिलालभाऊ, मला लग्नाचं वावडं नाही," सुगंधा मला एकदा म्हणाली होती. "पण मामांनी आणलेल्या त्या मुलानं विचारलं, कॉम्प्युटरवर पोळ्या लाटता येतात का. आणि तो हसला. ते जाऊ द्या. मामाही हसले."

आता निंबाभाऊ. निंबाभाऊंनी सभेत ठराव मांडायचं जाहीर केलं होतं, की मशीन परत करावं आणि पोरीला मोकळं करावं. माणूस वाईट नव्हे. त्यांच्या मळ्यातली केळी गावात सगळ्यात सरस आणि त्यांची जीभ केळीहून सरस. आबा आणि ते शाळेत एका बाकावर बसलेले. पुढे एकाच साली दोघं चेअरमनकीला उभे राहिले आणि तेव्हापासून रस्त्यात समोरासमोर आले की दोघांनाही एकदम आकाशात काहीतरी दिसायला लागायचं.

"ती टीव्हीच आहे," निंबाभाऊ पारावर सांगायचे. "फक्त हिच्यात सिनेमा लागत नाही."

लोकांना ते पटायचं, कारण कॉम्प्युटर कुणी धड पाहिलाच नव्हता. बसवायला आलेल्या इंजिनियरने सांगून ठेवलं होतं, धूळ नको, गर्दी नको, चपला बाहेर. म्हणून त्याला मागच्या खोलीत ठेवलं, खिडकीला पडदा, मशीनला फुलाफुलांचं कव्हर. जे दिसत नाही ते समजावून सांगायला निंबाभाऊ होतेच.

सभा रविवारी होती. तीनशे माणसं काही त्या खोलीत मावणार नव्हती आणि कॉम्प्युटर उचलून शाळेत न्यायला सुगंधा तयार नव्हती. तेव्हा आबांना सुचलं, शूटिंग करायचं. मशीन चालताना कॅसेटीत घ्यायचं आणि सभेत टीव्हीवर लावायचं. धुळ्याला देवपुरात अभिमन म्हणून शूटिंगवाला होता. आबांच्या मुलीचं लग्न त्यानेच काढलं होतं. त्या कॅसेटीत आबांनी स्वतःला पहिल्यांदा चालताना पाहिलं आणि त्यांना ते आवडलं. घरी कुणीही आलं की ती लावायचे.

इथे एक सांगितलं पाहिजे. आमच्याकडच्या लग्नाच्या कॅसेटीत माणसाचा आवाज नसतो. भटजींचं तोंड हलतं, नवरीची मावशी पदर तोंडात धरून रडते, व्याही मानपानावरून हात नाचवतात आणि वरून सिनेमाची गाणी चालू. अभिमन ती घरी नेऊन भरायचा, त्याला मिक्सिंग म्हणायचा. त्यामुळे कॅमेऱ्याला डोळा असतो आणि कान नसतो, हे आमच्या गावाचं ठाम मत झालेलं. ऐन मांडवात, कॅमेऱ्याकडे पाहत, चेहरा हसरा ठेवून व्याह्यांना शिव्या देणारी माणसं मी पाहिलीत. कॅसेटीत ती फार प्रेमळ दिसतात.

शुक्रवारी सकाळी मुहूर्त धरला. आबांनी वाजंत्री लावली. मॉनिटरला झेंडूचा हार, की-बोर्डला कुंकू, दारात नारळ. अभिमनने कॅमेरा खांद्यावर घेतला आणि हॅलोजनचा दिवा माझ्या हातात दिला, कारण मी समोर होतो आणि मला दुसरं काम नव्हतं.

"कोठे धरू?" मी विचारलं.

"नवरदेव कोण शे आज?" अभिमन म्हणाला. त्याचं बोलणं धुळ्याकडचं. "कॉम्प्युटर. मग त्यानाच तोंडवर धरा. मानना माणूसवर उजेड जास्ती, आमना धंदाना नियमच शे."

मी धरला. कॉम्प्युटर असा उजळला की झेंडूची फुलं पांढरी दिसायला लागली. आबा शेजारी हात जोडून उभे राहिले, डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा, मग मशीनकडे बोट दाखवून. सुगंधा बटणं दाबत होती. वाजंत्रीत कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं.

दुपारी आबांच्या ओसरीवर कॅसेट लावली. अर्धा गाव जमला. टीव्हीत वाजंत्रीवाल्यांचे गाल बिनआवाजाचे फुगले, मग आबा आले. काय दिसत होते. टोपीची कड न् कड मोजता येत होती. नारळ फुटला, पाणी उडालं. मग कॅमेरा कॉम्प्युटरकडे गेला. हार होता, हाराच्या मध्ये काच होती आणि काचेत रात्र होती. अक्षर नाही, रेघ नाही. नीट निरखून पाहिलं तर दिवा धरून उभा असलेला मी तेवढा त्या काचेत दिसत होतो.

"बंद होता काय ग?" आबांनी सुगंधाला विचारलं.

"चालू होता आबा. तुम्ही स्वतः बोट दाखवलंत की त्याच्याकडे."

संध्याकाळपर्यंत पारावर बातमी पोचली. निंबाभाऊंना दोन वाक्यं पुरली. "आबांनी बंद टीव्हीला हार घातला. आता बारशाला बोलावतील."

सुमनबाईने दुसऱ्या दिवशी सकाळी मला विचारलं, मामा या रविवारी पाचोऱ्याहून सकाळच्याच गाडीने येणार म्हणतात, ते कशाला? मी म्हटलं, सभा पाहायला. ती म्हणाली, सभेशी त्यांचा काय संबंध. संबंध दोघांनाही ठाऊक होता: सभेने पोरीला मोकळं केलं की स्थळ पक्कं करायला मामा हजर.

शनिवारी अभिमन पुन्हा कॅमेरा घेऊन उभा. तोंड उतरलेलं. त्याच्या हयातीत कुठला नवरदेव कॅसेटीत काळा आला नव्हता. आबा आंघोळ करून कपडे बदलून यायचे होते. खोलीत सुगंधा, तो आणि मी.

"भाऊ, एक म्हणू?" सुगंधा अभिमनला म्हणाली. "नवरदेवाला उजेड नसतो, तो बाहेरून टाकावा लागतो. याला स्वतःचा आहे. थोडासाच आहे, पण आहे. तुम्ही त्याच्यावर एवढा मोठा दिवा धरला तर याचा कुठून दिसणार? दुपारी बारा वाजता उन्हात कंदील पेटवून पाहा."

अभिमनने दिव्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. "दिवा बंद करीसन शूटिंग?" तो म्हणाला. "लोक म्हणतीन, अभिमनना दिवा गया."

तरी त्याने दिवा बंद केला. मग सुगंधा कॅमेऱ्याभोवती फिरली. पोरीला यंत्र दिसलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही.

"हे वरचं काळं बोंडूक कशाचं?"

"तो माईक शे. आवाज धरस. पण काय उपयोग, मी वरथून गाणाच भरस."

"या वेळी भरणार?"

"कवय भरू? टाइम कोठे शे? मिक्सिंगनं मशीन धुळे. उद्या सभा."

"बरं," सुगंधा म्हणाली आणि कव्हराची घडी घालायला लागली.

दिव्याशिवायचं पहिलं शूटिंग घेतलं, कॅसेट घेऊन आबांच्या घरी गेलो. अभिमनने सवयीने टीव्हीचा आवाज बंद केला. गाणी भरलेली नसली की तो आवाज सुरूच करायचा नाही, बायका नावं ठेवतात म्हणे. आता चित्रात काळोख होता, पण त्यात एक उजळ पट्टी दिसत होती. त्या पट्टीत एका ओळीचा तुकडा यायचा आणि पट्टी वर सरकून जायची. बाकी सगळं काळं.

"काही तरी जिवंत आहे," मी म्हटलं.

सुगंधाने अभिमनला विचारलं, "इथे यायच्या आधी शेवटचं शूटिंग कशाचं केलं होतं?"

"कुस्त्यांनी दंगल. का?"

"तेव्हा काही बटण दाबलं होतं?"

अभिमनने कॅमेऱ्याच्या बाजूला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पैलवान वेगात फिरतात, हातपाय फराटे ओढल्यासारखे दिसतात, म्हणून त्याने कॅमेऱ्याची पापणी झटक्यात उघडझाप करणारं बटण लावलं होतं आणि ते तसंच राहिलं होतं. कॉम्प्युटर आपली अक्षरं वरून खाली रंगवत आणतो, सुगंधाने सांगितलं, फार भरभर, आपल्याला ते कळतच नाही. पण कॅमेऱ्याने क्षणभरच पाहिलं तर रंगवून झालेला तेवढाच पट्टा त्याला दिसणार. पैलवानाला जे चाललं ते याला चाललं नाही. ऑफिसात परत येऊन बटण मागे घेतलं, कॅमेऱ्यातून पाहिलं. आता हलकी सावलीसारखी पट्टी वर चढायची, पण अक्षरं वाचता येत होती. केळीच्या घडांची, गाड्यांची, वजनांची, सगळी मराठीत. अभिमन इतका खूश झाला की त्याने सुगंधाला मावशी म्हटलं.

एवढ्यात आबा आले. नवी खळ, नवी नीळ.

ते मशीनशेजारी उभे राहिले मात्र, अभिमनने कॅमेऱ्यातून डोळा काढला. "आबा, जराखा बाजूले व्हा." आबा बाजूला झाले. "आते परत या." आबा परत आले. असं चार वेळा झालं.

"माह्याशी खेळून राहिला का रे?" आबा म्हणाले.

"नही आबा. तुम्ही येतस ना, तो काळा पडस. तुम्ही जातस, तो उजळस."

सुगंधाने डोळा लावून पाहिलं, मला पाहू दिलं. खरंच होतं. खिडकीतून येणारा उजेड आबांच्या धोतरावर पडत होता आणि कॅमेरा बिचारा आमच्यासारखाच डोळे बारीक करून घेत होता. एकदा डोळे बारीक केले की अक्षरं गेली.

मग खिडकी बंद करायची ठरली. माझ्या दुकानातून पेंडीची रिकामी बारदानं आणली. खिडकीला खिळे नव्हते, म्हणून मी बाहेरून दोन्ही हातांनी बारदान दाबून धरून उभा राहणार. खोली अंधारली. बारदानाच्या फटीतून कॉम्प्युटर असा हिरवागार दिसला की बस. पण आता आबा दिसेनात.

"माह्यं काय?" आबा अंधारातून म्हणाले.

"दिवा लावा ना, तर तो काळा," अभिमन म्हणाला. "दिवा मालवा ना, तर तुम्ही काळा. कॅमेराले दोन उजेड एक टायमाले दखाता येत नहीत. आते तुम्हीच सांगा, कोणले काळं करू?"

हा प्रश्न चेअरमनला आजवर कुणी विचारला नव्हता. कॅसेट त्यांची, खर्च सोसायटीचा, सभा गावाची आणि त्यात ते नाहीत. मी बारदानाची एक कड उचलून आत पाहिलं तर ते टोपी काढून हातात घेऊन उभे होते, जणू तिचीच चूक.

"आबा," सुगंधा हळू म्हणाली, "उद्या सभेत तुम्ही स्टेजवर असालच. सगळे बघतील. हा तिथे नसणार."

आबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "रतिलाल, बारदान नीट धर," ते म्हणाले. "कड उचलू नको."

मी धरलं. मग आतले आवाज खाली आले आणि काय चाललं ते मला बारदानातून ऐकू आलं नाही. खूप वेळ लागला, हात भरून आले, एवढंच सांगू शकतो. बाहेर आले तेव्हा आबांच्या चेहऱ्यावर दात काढून घेतलेल्या माणसासारखी सुटका होती.

संध्याकाळी ओसरीवर कॅसेट पाहिली, आवाज बंद ठेवून. अक्षरं स्वच्छ. मध्येच एक बोट यायचं, अंगठीसकट, आणि अक्षरांवरून फिरायचं. ते आबांचं. त्या बोटाकडे आबा फार मायेने पाहत होते.

रविवारी शाळेच्या मोठ्या खोलीत सभा. तिथल्याही खिडक्यांना माझीच बारदानं लावली, कारण टीव्हीलाही उजेड सोसत नाही हे आता आम्ही शिकलो होतो. तीनशे माणसं दाटीवाटीने बसली, उरलेली दारात. आबा स्टेजवर मध्यभागी. निंबाभाऊ मागे खांबाला टेकून, ठरावाचा कागद खिशाबाहेर डोकावेल असा ठेवलेला. सुगंधा भिंतीशी उभी. पाचोऱ्याचे मामा पहिल्या रांगेत, कुणी बसवलं नव्हतं तरी.

मंडपवाला रुपचंद काम मनापासून करणारा. टीव्हीचा आवाज एवढ्या लोकांना पुरणार नाही म्हणून त्याने व्हीसीआरमधूनच वायर ओढून आपल्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि शाळेपुढच्या कडुनिंबाच्या झाडावर भोंगा चढवला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नकोही म्हटलं नव्हतं. लग्नात तो तसंच करतो. गाणी घराघरात गेली पाहिजेत.

अभिमनने कॅसेट लावली. हिरवी अक्षरं उमटली आणि खोलीत "हां" असा आवाज झाला. मग भोंग्यातून एक खोकला आला. तो खोकला गावात प्रत्येकाच्या ओळखीचा.

"म्या दिसून राहिलो का रे?"

स्टेजवरच्या आबांनी दचकून मागे पाहिलं.

"नही आबा," भोंग्यातून अभिमन म्हणाला. "तुम्ही बठ्ठा अंधारमा. फक्त बोट दिसस."

"नक्की?"

"नक्की."

"मंग बरं झालं. पोरी, एक इचारू? हळू सांग. बाहेर रतिलाल हाये. त्याच्या कानावर गेलं म्हंजे गावभर झालं."

तीनशे डोकी माझ्याकडे वळली. मी टीव्हीकडे पाहत राहिलो.

"विचारा ना आबा."

"हे नेमकं हाये काय?"

आबा स्टेजवरून उठायला लागले. पण उठून जायचं कुठे? दार माणसांनी भरलेलं आणि भोंगा झाडावर. ते पुन्हा बसले.

"ज्या दिवशी आलं त्या दिवशी इंजिनियर साहेब बोलले, म्या मान हालवली," भोंगा सांगत होता. "तू दाखवलं, म्या मान हालवली. निंब्या पारावर म्हनते ही टीव्ही हाये, तवा म्या घरी येऊन इचार केला, नसंल कशावरून? मान हालवून हालवून दुखाले लागली पोरी. मले यातलं काही म्हंजे काहीच समजत नही."

कुणी हसलं नाही. आमच्यापैकी कुणाला समजत होतं?

"आबा, काकूंच्या फडताळात डबे असतात ना," सुगंधाचा आवाज. "काकूंनी सांगितलं जिरं काढा, तर तुम्हाला किती वेळ लागतो?"

"मले? मले सापडतच नही. म्या हाक मारतो."

"आणि काकूंना?"

"ती अंधारात हात घालते न् काढते."

"हे तसं. डब्यांऐवजी आपले सभासद. नाव सांगायचं, हा हात घालून काढतो. कुणाचा डबा काढू?"

"माह्या काढ."

"तुमचा काढला तर उद्या लोक म्हणतील, चेअरमनचा म्हणून सापडला. दुसरं नाव सांगा."

टीव्हीवर बोट थांबलेलं.

"निंब्याचा काढ."

अक्षरं हलली, गेली आणि एका दमात नवी आली. वर निंबाभाऊंचं नाव, खाली तारखा, घड, वजन, कुठल्या गाडीने कुठे गेले. पुढचे मागच्यांना वाचून सांगायला लागले. खांबाजवळ निंबाभाऊ टेकलेले होते ते सरळ झाले.

"एवढ्यात?" भोंग्यातून आबा म्हणाले. "आपला कारकून यासाठी दोन दिवस रजिस्टरं चाळते न् वर चहा मागते." मग बोट वजनांवरून खाली खाली गेलं, एकेका ओळीवर थांबत. "पाह्य पोरी, वजन पाह्य. एक घड हलका नही. अशी केळी गावात कोनाची नही, माह्यी बी नही. पहिल्यापासून माहीत हाये मले. पन हे त्याले म्या जितेपनी सांगनार नही. आधीच लई चढेल हाये तो."

इथे सभा फुटली. हसणं भोंग्यापेक्षा वर गेलं. आबांचा चेहरा आणि धोतर यांत रंगाचा फरक राहिला नव्हता. हसणं थोडं ओसरलं तसा दाराकडून एक बाईमाणसाचा आवाज आला. भोंगा ऐकून भिकुबाई ओल्या हातांनी तशीच शाळेपर्यंत आली होती.

"जिरं वरच्या फळीवर, डाव्या हाताले," ती म्हणाली. "तीस वरीस झाले तिथंच हाये."

मग निंबाभाऊ उठले. कागद त्यांच्या हातात होता. सुगंधाने भिंतीला हात टेकला. मामांनी सदरा नीट केला.

"अध्यक्ष महाराज," निंबाभाऊ म्हणाले, "ते शेवटचं पुन्हा लावा."

"कोणतं शेवटचं?" आबांनी जमिनीकडे पाहत विचारलं.

"ते गाड्यांचं. मला वरची तारीख नीट दिसली नाही."

अभिमनने कॅसेट मागे घेतली. तारीख आली, गेली. निंबाभाऊंनी ती पाहिलीच नाही, ते खाली मान घालून ऐकत होते. अशी केळी गावात कोनाची नही, माह्यी बी नही. अभिमन बंद करायला गेला तर त्यांनी हाताने थांबवलं आणि लई चढेलपर्यंत सगळं ऐकून घेतलं.

"माझा ठराव आहे," ते म्हणाले. कागद उघडला, वाचला नाही, पुन्हा घडी केला. "मशीन परत करावं आणि पोरीला मोकळं करावं, असा तो होता. त्यात दुरुस्ती सुचवतो. चेअरमनसाहेबांना या मशीनमधलं काहीही समजत नाही, हे त्यांनी स्वतः भोंग्यावरून गावाला सांगितलंय. ही गोष्ट सोसायटीला शोभणारी नाही. तेव्हा सुगंधाने त्यांना शिकवावं आणि त्यांना पूर्ण समजेपर्यंत तिने इथून हलू नये."

"पूर्ण समजेपर्यंत?" आबांनी विचारलं.

"पूर्ण."

आबांनी मान वर केली. कितीतरी वर्षांनी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण वर आकाश नव्हतं, शाळेचे पत्रे होते. सभेने मनातल्या मनात हिशेब केला. आबांना पूर्ण समजेपर्यंत. हात वर जायला लागले. पहिल्या रांगेत मामांचाही गेला, ते सभासद नव्हते तरी. सगळ्यात शेवटी आबांनी स्वतःचा केला.

मामा चहा घेऊन दुपारच्याच परतीच्या गाडीने पाचोऱ्याला गेले. अभिमन धुळ्याला जाताना भोंग्याकडे पाहत म्हणाला, आते मी लग्नमा गाणा भरतांना दोन डाव विचार करसू.

मला एक नोंद राहून गेल्यासारखी वाटत होती. सोमवारी सुगंधा बारदानं परत करायला दुकानावर आली तेव्हा मी विचारलंच, "तुला माहीत होतं ना, कॅमेऱ्याला कान असतो?"

"रतिलालभाऊ," ती म्हणाली, "आबांनी मला एकच सांगितलं होतं, तुमच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. ते मी पाळलं."

त्याला आता बरेच महिने झाले. आबा रोज सकाळी चपला बाहेर काढून आत जातात, मशीनसमोर बसतात आणि शिकतात. मध्ये एकदा मला वाटलं, यांना जमायला लागलं. सोसायटीत कामाला गेलो होतो, पडद्याच्या फटीतून दिसलं, त्यांनी कुणाला न विचारता एक नाव लिहिलं आणि डबा काढला. निंबाभाऊंचाच. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, सुगंधाकडे पाहिलं, सुगंधा दुसरीकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी आबा सगळं विसरून आले.